उजव्या कोपऱ्यातला ढग

दर दुसऱ्या वर्षी, नदीवरचं धुकं
रस्त्यात येऊन बसतं त्या दिवसांत,
ल्युब्ल्यानात एका भिंतीला पुस्तकं फुटतात.
पुस्तकं म्हणजे त्यांच्या आधीची पानं :
छापखाना न पाहिलेली, कडांना थोडी बाकलेली,
चिकटपट्टीचे पिवळे चौकोन,
अस्वलाच्या कानाची एकदा झालेली चूक
पांढऱ्या रंगाखाली अजून जागी.
आणि प्रत्येक चित्रात, आभाळात नाहीतर बर्फात,
एक मोकळी जागा,
पेन्सिलीनं लिहिलेलं : इथे अक्षरं येतील.
इथे ती येत नाहीत.

मी राखण करते. खुर्ची, बिल्ला, फडकं.
हे माझं अकरावं प्रदर्शन.
सकाळी बालवाडीची पोरं येतात, नारिंगी जाकिटं,
सगळी एकाच दोरीला धरून,
कोल्हा ओला आहे का ते बोट लावून बघतात.
संध्याकाळी मी कोल्हा पुसते.
काचेवरचा, म्हणजे.

गुरुवारी एक माणूस आला, पन्नाशी उलटलेला,
बसचालकाचा गणवेश, टोपी काखेत.
मिठाच्या शोधात समुद्राकडे निघालेल्या शेळीची
अकरा चित्रं त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली,
मग शेवटापासून पहिल्यापर्यंत,
मग माझ्याजवळ येऊन, चोरीची वर्दी द्यावी तसा, हळूच :
ढग कुठंय?

कुठला ढग?

उजवीकडे, खाली. प्रत्येक पानावर असतो.
लहान, करडा. शेळीच्या मागं मागं जातो,
डोंगर चढतो, पूल ओलांडतो.

मी कचेरीतून विल्माबाईंना बोलावलं.
त्या भिंग घेऊन आल्या, जुनी छापील प्रत घेऊन आल्या.
ढग नव्हता. तिथं गवत होतं,
दहाव्या चित्रात एक गोगलगाय.
असं कसं, तो म्हणाला, मी त्याच्याशी बोलायचो.

सेनाद त्याचं नाव. वाढला त्र्बोव्ल्येत,
कोळशाच्या गावात. त्यानं बहिणीला फोन लावला,
आवाज मोठा होता, मी ऐकलं, ऐकायला नको होतं.
बहीण आधी हसली. मग हसायची थांबली.
अरे, तो बाबांचा अंगठा.

खाणीतून आल्यावर ते तीनदा हात धूत,
साबणानं, राखेनं, पुन्हा साबणानं,
तरी अंगठ्याच्या रेघांत खाण उरायचीच,
आणि पान उलटताना थोडी उतरायची.
बोस्नियातून आले तेव्हा बोगद्यात चालेल एवढीच
इथली भाषा त्यांच्याकडे : थांब, वाक, पळ.
पुस्तकातली अक्षरं त्यांना लागत नसत.
चित्रं बघून सांगायचे, आपल्या बोलीत.

विल्माबाईंनी हातातल्या प्रतीतलं शेवटचं पान वाचून दाखवलं :
शेळी मीठ घेऊन घरी परत आली.
सेनाद त्यांच्याकडे बघत राहिला.
परत?
बाबांच्या गोष्टीत ती परत यायची नाही.
समुद्रावर कामाला लागायची
आणि दर महिन्याला घरी मीठ पाठवायची.

मग हे दार, विल्माबाई म्हणाल्या, ज्याच्यासमोर ती उभी आहे?

ते पोस्टाचं, तो म्हणाला.
असं म्हणाला की मीही वळून पाहिलं.
आणि खरंच, इतकी वर्षं मी त्या दाराला घर समजत होते.
दाराला कडी नाही. वर एक फट आहे, पाकीट जाईल एवढी.
चित्रकर्तीला काय म्हणायचं होतं ते आता कोणाला विचारणार,
बाई जाऊन सहा वर्षं झाली.

त्याची पाळी दोनला होती. टोपी घालून गेला,
जाताना अकराव्या चित्रापाशी जरासा थांबला,
मी दुसरीकडे बघितलं. राखणदाराला तेही जमावं लागतं.

सहाला दिवे मंद झाले. फडकं घेऊन फिरले :
कोल्हा, अस्वल, बर्फातली नाव,
शेळी, शेळी, शेळी.
शेवटच्या काचेपाशी, उजवीकडे, खाली,
फडकं घडी करून खिशात ठेवलं.

नोंदवहीत रोज एकच ओळ लिहायची असते.
लिहिलं : सर्व तावदानं स्वच्छ.
एका ठिकाणी हवामान किंचित ढगाळ.