डावा, उजवा

फ्रीझरमधून काढलेल्या हाडांचा गारठा उतरायला
एक रात्र लागते.
मी सकाळी सातला येते, दिवे लावते.
बाहेर ल्युब्लियानावर धुकं इतकं दाट
की नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतो,
आणि ट्रेमध्ये पाच माणसांचे दहा खांदे
ओल्या फडक्याखाली.

नावं नाहीत. एक डावा, एक उजवा.
दोन डावा, दोन उजवा.
यांना कुणी खांदा दिला नसणार,
यांनीच दोन्ही देऊन टाकले.

खांद्याची बशी तळहाताच्या खळग्याएवढीही नसते.
तिच्यावर दंडाचा गोळा जन्मभर
लिंबू-चमच्याच्या शर्यतीसारखा तोलायचा,
वर टोपल्या उचलायच्या, दारं ढकलायची,
रागाने हात झटकायचे.
पडतं कधीतरी लिंबू.
पडताना बशीचा टवका घेऊन जातं.

तो टवका मी करवतीने पाडते,
सगळ्यांचा सारखा, पुढच्या काठाचा.
मग डॉक्टर झुपान येतात, कोटाची बटणं न काढताच बसतात.
एका बशीला दोन स्क्रू:
सुतारकाम. घट्ट. विषय संपला.
दुसरीला आरपार भोक, त्यातून जाड दोरा,
दोन्ही अंगांना धातूचं बटण आणि गाठ.
"सदऱ्याला लावतात तसं," पहिल्या दिवशी मी म्हणाले होते.
"सदरा फाटला तर दुसरा मिळतो, व्लास्ता."
कुणाच्या कुठल्या बाजूला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं,
नाहीतर उजव्या हाताने जगलेली माणसं
आमच्या आकड्यांत घुसतात.

यंत्र ढकलतं. सोडतं. ढकलतं.
हजार वेळा; मग जोर वाढवून पुन्हा हजार.
स्क्रू हलत नाही, हलत नाही,
आणि मग एकदम
वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज.
दोरा पहिल्यापासून थोडं ऐकून घेतो,
केसभर सरकतो, परत येतो,
उशिरापर्यंत धरून राहतो.
नेहमी नाही. तीन नंबरची गाठ पहिल्या शंभरातच सुटली,
मी तेव्हा सँडविच खात होते.

चार जोड्या झाल्या. तिलेन आलेख काढतो.
दोन रेषा एकमेकींच्या अंगावरून जातात.
"फरक नाही," तो म्हणतो. तेवीस वर्षांचा. नाराज.

फरक तर मंगळवारी हवाय.
छपरं दुरुस्त करणारा येर्ने, शिडीवरून पडला, डावी बशी फुटली.
त्याने स्क्रू की दोरा असं विचारलंच नाही.
विचारलं, अकॉर्डियन कधी वाजवता येईल?
भाता डावा हात ओढतो.
किती जोराने? डॉक्टरांना माहीत नव्हतं,
छापलेलं कुठे सापडेना.

म्हणून काल मी भावाचं अकॉर्डियन आणलं,
पट्ट्याला मासे तोलायचा काटा अडकवला.
तिलेनने ओढलं आणि हाडांच्या खोलीत
एक लांबलचक, बेसूर आवाज घुमला,
शेजारच्या विभागातली बाई दार उघडून बघून गेली.
साडेचार किलो.
"पोल्का असेल तर सहा धरा," डॉक्टर म्हणाले.
सहा धरले.
अजून न मोडलेला पाच नंबरचा डावा
आणि पाच नंबरचा उजवा,
तेवढ्यावर दोघेही रात्रभर टिकले.

"मग मंगळवारी काय काढून ठेवायचं?" मी विचारलं.
"दोन्ही. टवका केवढा निघतो बघू,
त्यालाच विचारू."

ते गेल्यावर मी पाच नंबर फडक्यात गुंडाळताना पाहिलं,
उजवीचा वरचा काठ झिजून गुळगुळीत झालाय,
डावीचा नाही.
विळा? घंटेचा दोर? कुणाला तरी रोज हात करणं?
तक्त्यात यासाठी रकाना नाही.
मी ट्रेच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहिलं:
खूप वापरलेला.