शॅनी

भूल चढल्या ओठांनी पेनहॅलिगन म्हणाले "शॅनी"
आणि मी ऐकलं शनी.
डाव्या खालच्या दाढेत ड्रिल धरलेला हात
क्षणभर थांबला.
पोर्थलेव्हनच्या दवाखान्यात, मंगळवारी सकाळी,
बंदरातल्या या निवृत्त नावाड्याला
कुठून कळली माझी रास?

मासा निघाला.
पंजात मावेल एवढा, बिनखवल्यांचा, बुळबुळीत,
धक्क्यापलीकडच्या खडपांत राहणारा.
"दात बघा त्याचे," गुळणी करून ते म्हणाले,
"तुमच्याकडे यायची वेळ नाही येणार त्याच्यावर."

शनिवारी गेले. उधाणाचे दिवस,
भर दुपारी सुकती, पाणी पार तळाला.
कपारीत बोट घातलं.
चावला.
अगदी रीतसर चावला, वरचे खालचे एकदम,
मधे कुठे फट नाही.
खडकावरचे बार्नेकल कातरून खाणारे दात:
ना कीड, ना फिलिंग,
ना दोन वर्षांची वेटिंग लिस्ट.

मग दवाखान्यातला छोटा आरसा नेला,
लांब दांडीचा, टाळू बघायचा.
कपारीच्या टाळूला गाबोळी चिकटलेली,
एकेका दाण्याला दोन दोन काळे ठिपके:
डोळे.
आमच्याकडे ही तळून खातात, असं
मनात आलं, नाही म्हणत नाही.
तेवढ्यात आरशात तोही आला,
अंगभर काजळी, ओठ मात्र पांढरे
चुना लागल्यासारखे.
एक डोळा माझ्यावर, एक अंड्यांवर.
सरड्यालाच जमावं असं.

माद्या येतात, अंडी लावतात, जातात.
तीन असतील, पाच असतील, तो मोजत नाही.
पाणी असेल तेव्हा शेपटीने वारा घालतो,
पाणी गेलं की ओल्या शेवाळाखाली
हवेवर श्वास घेत पडून राहतो.
रेवदंड्याच्या खाजणातली निवटी
उड्या मारत गावभर हिंडते;
हा घरकोंबडा.
भरतीला चरायला गेलेले याचे भाऊबंद
पाणी उतरायच्या आत आपापल्या भोकात परततात,
हा तर या दिवसांत जातच नाही कुठे.

"लहानपणी एक आणला होता मी,"
दाढेवर टोपी बसवून घेताना पेनहॅलिगन म्हणाले,
म्हणजे मी कापूस काढल्यावर म्हणाले.
"स्वयंपाकघरात, बादलीत.
खिडकीतून समुद्र दिसत नव्हता,
तरी बाहेर भरती आली की हा वर यायचा,
ओहोटीला दगडाखाली गप्प.
चार-पाच दिवस. मग विसरला."
एवढ्या लवकर? मी विचारलं.
"बादली होती ती," ते म्हणाले.

एक आड एक शनिवार जात राहिले.
रिसेप्शनवरची मॉरवेना हसायची:
लोक शनिवारी बाजारात जातात,
ही आरसा घेऊन चिखलात.
मी तिला साडेसातीचं सांगितलं.
वर्षं की आठवडे, तिने विचारलं.
आठव्या आठवड्यात छत कोरं होतं.
अंड्यांच्या जागी नुसते फिकट वळ,
आणि त्याच्या पाठीवरून काजळी उतरायला लागलेली,
हिरवट, मळकट, पुन्हा खडकासारखा.
या वेळी बोट घातलं तर चावलाही नाही.
बाजूला सरकला
आणि बार्नेकलचा एक तुकडा थुंकला.

सप्टेंबरात उथळ डबक्यात एक पोर दिसलं,
नखापेक्षा जरासं मोठं,
पोटातलं सगळं दिसेल इतकं पारदर्शक.
उघड्या समुद्रात वाहत भटकून
किनाऱ्याला लागलेलं. कुणाचं, कुणास ठाऊक.
दगडाखाली जागा शोधत होतं.
पहिल्या दगडाखाली खेकडा होता.
दुसऱ्याखाली कुणीतरी आधीच राहत होतं.

पेनहॅलिगनना पुढची तारीख दिली, बुधवार, साडेबारा.
त्यांनी खिशातलं भरतीचं कोष्टक काढलं,
चष्मा लावला, मान हलवली.
"तेव्हा पाणी खाली असेल," म्हणाले.
"चार नंतर बघा ना."