पाण्याचा वार

बेगमपुऱ्यात वरच्या खोलीत माणसं येणार म्हणून
आधी गाद्या आल्या. एक नवी,
एक मुमताजबाजीच्या माळ्यावरची,
चार दिवस उन्हात टाकूनही डांबरगोळीचा वास न सोडणारी.
शेगडी एकाची, कुकर दुसऱ्याचा,
शिट्टी तिसऱ्याच कुकरची, बसवली दाबून.
सोनटक्केंनी उधारीच्या वहीत कोरं पान काढलं
आणि नावाच्या जागी लिहिलं, 'वरची खोली'.
घरमालक म्हणाले, सही करतो, फॉर्म तुम्ही भरा.
भरला. तीनदा.
तिसऱ्यांदा आयुक्तालयातली बाई म्हणाली,
काका, देशाच्या रकान्यात गाव लिहिलंय तुम्ही.

मी महापालिकेचा वॉल्व्हमन होतो, एकतीस वर्षं.
देण्यासारखं माझ्याकडे एकच :
आपल्या लाईनीला पाणी कितव्या दिवशी, रात्री किती वाजता,
पहिली दहा मिनिटं गढूळ, ती कूलरमध्ये,
दाब कधी पडतो, मोटार कधी लावायची नाही.
हे कुठं लिहिलेलं नाही.
माझ्या मनगटात आहे.

फहमी इथंच विद्यापीठात शिकत होता,
तिकडे लढाई लागली, इकडे शिष्यवृत्ती थांबली.
आता बायको आली, इंतिसार,
आणि सात वर्षांची रीम,
जी फटाका वाजला की दाराकडे नाही, भिंतीकडे पळते.

मी खडू घेऊन वर गेलो.
भिंतीवर आठ रेघा ओढल्या, आठवीवर बोट ठेवलं,
आणि म्हणालो, पाणी. मोठ्यानं,
जणू मोठ्यानं बोललं की मराठी कळते.
इंतिसारनं पाहिलं. मग मला ओट्यापाशी बोलावलं.
तिथं लहानापासून मोठ्यापर्यंत भांडी,
प्रत्येकाच्या तोंडाला ओलं फडकं.
प्यायचं वेगळं, शिजवायचं वेगळं,
तांदूळ धुतलेलं पातेल्यात,
त्यानं उद्या भांडी, भांड्यांचं मग फरशीला,
फरशीचं शेवटी डब्यात लावलेल्या पुदिन्याला.
फहमी हसू दाबत म्हणाला,
तिच्या मोहल्ल्यात चाळीस दिवसांनी यायचं.
ती म्हणतेय, आठ दिवस म्हणजे चैन.
खडू मी खिशात टाकला.

खाली गणोरकर उभेच होते :
आपल्यालाच पुरंना, अन् ह्यांला काहून?
उत्तर सुचलं नाही.
खोटं नव्हते बोलत ते. त्यांच्या घरात सात माणसं.

रात्री सुचलं, पण ते उत्तर नव्हतं.
नळाला येतं ते पाणी नाथसागराचं.
नाथसागराखाली आमचं गाव.
मी अकरा वर्षांचा होतो. बैलगाडीत जातं, खाटेचे गाते,
चौकटीसकट उपसलेलं दार.
सहा महिने एका बाईनं तिच्या गोठ्यात ठेवलं आम्हाला.
तिच्या म्हशी बाहेर, आम्ही आत.
तिचं नाव आईला माहीत होतं.
मी विचारलंच नाही कधी.
आई मात्र नळाचं पाणी पिण्याआधी
तांब्यात बोट बुडवून कपाळाला लावायची,
उंबऱ्याला लावावं तसं.

आठव्या रात्री पावणेतीनला पाईप खोकला.
दार वाजवायला वर गेलो, तर दार उघडंच.
नळाखाली घागर, रीम अर्धवट झोपेत, हातात मग.
मी खाली उतरून गणोरकरांचंही दार वाजवलं,
ते डोळे चोळत आले, आणि न बोलता
त्यांनी आपली लांब नळी वरच्या खोलीकडे फेकली.
नळी आखूड पडली. मुमताजबाजी ओरडली,
ठैरो, मेरे पास जोड है.

पाणी भरताना इंतिसारनं विचारलं,
म्हणजे फहमीनं विचारलं, तुमचं गाव कुठलं?
मी नळाकडे बोट केलं.
मग गावाचं नाव सांगितलं, पन्नास वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं.
तिनं ते म्हणून पाहिलं. चुकलं.
तिनं तिचं सांगितलं.
घशाच्या फार आतून येणारं एक अक्षर होतं त्यात,
तिथवर मला पोचता आलं नाही.
रीम दोघांनाही हसली.

टाकी भरून वाहायला लागली होती.
मी ओरडलो, बंद करा, बंद करा,
सांडतंय.