दिनांकापासून

'भाडेपट्टा' टाइप करताना ट्ट अडकतो.
बोट दोनदा मारावं लागतं.
खाली बर्फाच्या कारखान्यात लादी फुटली की
टेबल हादरतं, आणि कार्यालयाचा गोल शिक्का
आपण होऊन इंचभर सरकतो.
देवगडात येऊन अकरा वर्षं झाली,
तो आता माझ्या चहापर्यंत आलाय.

समोर सगुण कोयंडे, टोपी मांडीवर.
त्याची 'सातेरी प्रसाद' शासनाला गस्तीसाठी हवी आहे.
म्हणजे हवी होती, नारळी पुनवेच्या आधी.
तेव्हापासून ती आनंदवाडीच्या जेट्टीला,
जाळी उतरवलेली,
कुशीवर पांढऱ्या अक्षरांत 'गस्ती नौका'.
रंगाचे पैसे त्याचेच.

"बाई, तरतूद झाली म्हणतत. म्हणजे पैसे इले?"

नाही. तरतूद म्हणजे मुंबईत कुणीतरी
एका जाड पुस्तकात
तुमच्या पैशांसाठी जागा धरून ठेवली.

"रुमाल टाकून?"

तसंच.

प्रशासकीय मान्यता म्हणजे नौका हवी, हे मान्य.
तांत्रिक मान्यता म्हणजे नौका तरंगते, हे मान्य.
"ता माका ठावक होता."
असेल. तुमची सही चालत नाही.

अनामत म्हणजे तुम्ही आमच्यावर टाकलेला विश्वास, बिनव्याजी.
लेखाशीर्ष म्हणजे पैसा ज्या दारातून येणार
त्या दाराचा नंबर, आकडा चुकला तर पैसा माघारी,
आणि आकडा बरोबर असूनही
कधी कधी माघारी, ते का
हे मी त्याला सांगितलं नाही,
कारण मलाही कुणी सांगितलेलं नाही.

मग निधी वितरण सांगायला घेतलं:
मंत्रालय, आयुक्त, जिल्हा, आम्ही.
तो पहिल्यांदाच हसला.
"म्हणजे उधाणाचा पाणी.
बंदरात इला, खाडीत इला,
आमच्या व्हाळात येयसर सुकती लागता."

नोंदवहीच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं: सुकती.
आमच्यात त्याला व्यपगत म्हणतात.
एकतीस मार्च, रात्री बारा.
पंचांग लागत नाही.

कार्यादेश आला चार मार्चला.
अट क्रमांक सात मीच टाइप केली होती,
मागच्या वर्षीच्या फायलीतून, जशीच्या तशी:
भाडे देय राहील आदेशाच्या दिनांकापासून.

"आणि आदले म्हयने?"

आदले महिने.
मी शासन निर्णय चाळले, परिपत्रकं,
वाळवीने अर्धी वाचलेली एक फाईलसुद्धा.
विलंबाला शब्द आहे, दंडाला आहेत चार,
सांगितलं म्हणून नुसती उभी राहिलेली होडी,
तिला काहीच म्हणत नाहीत.

"आमी म्हणतो," तो उठत म्हणाला,
"नांगराक घातलली."
आणि सही केली,
सातही पानांवर, खाली, उजवीकडे,
अक्षर न् अक्षर सुटं.

त्याच रात्री वायरलेसवर त्याचा आवाज,
मागे इंजिन, वारा.
पंधरा वावात दोन परके ट्रॉलर,
दिव्यांनी पाणी दुपारसारखं केलेलं.
"नोंद घेतलात?"
घेतली.
"मगे तारीख घाला, बाई. आताच घाला."

घातली.
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळही लिहिली,
दोन वाजून दहा,
जिथे वेळेचा रकाना नाही तिथे,
शाईने.