लाल सूत

वजन किती, नरसय्यानं विचारलं.
अठ्ठ्याहत्तर, मी म्हटलं.
त्यानं कानावरची पेन्सिल काढलीच नाही.
"हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी, सगळं घालून बस बे.
मग बघू."

अशोक चौकामागची बंद मागांची शेड.
यंत्रं गेली, फरशीवर
तेलाचे बारा काळे चौकोन राहिले.
नवव्यावर माझी गाडी,
मागचं चाक अधांतरी.

एकतीस वर्षं तो जॉबर होता.
ताणा सैल पडला की मागाचा खटका बदलतो म्हणे.
तो दोन शेडपलीकडून ऐकायचा
आणि हातातली भाकरी ठेवून उठायचा.
आता शॉकॲब्सॉर्बर ऐकतो.

टेप लावली. आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत
सहाशे बारा.
स्टँड काढलं, गाडी आपल्या पायावर आली:
सहाशे सहा.
मी चढलो, श्रीनिवास, त्याचा नातू, हँडल धरून.
पाचशे नऊ.

"एकटी असताना ताठ,
माणूस बसला की लोळण.
ही स्प्रिंग तुझी नाही."

प्रीलोडची चकती मीच आवळत गेलो होतो
हातोडी आणि जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं, शेवटच्या आट्यापर्यंत.
कडक म्हणजे दणकट, असं वाटायचं.
अठ्ठ्याहत्तर मी होतो, तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.

एक्क्याण्णव, मी म्हटलं.
आता पेन्सिल निघाली.

नवी स्प्रिंग यायला सोळा दिवस लागले.
तोवर त्यानं पुढचे फोर्क उघडले,
तेल ओतलं चहाच्या पातेल्यात:
राखेच्या रंगाचं, माशांसारखा वास.
"बोरामणीची सगळी धूळ आणलीस की."
नवं तेल, नवी सील, पट्टीनं मोजलेली हवेची जागा,
एका नळीत एकशे वीस, दुसरीत एकशे वीस,
तिसऱ्यांदा मोजलं, तरी एकशे वीस.
श्रीनिवास जांभई देत होता.

मग रिबाउंडचा बारीक स्क्रू.
आधी पूर्ण बंद, मग मोजत उघडायचा.
टिक. टिक. नवव्याला तो म्हणाला, आगू,
आणि सीटवर तळवा दाबून सोडला.
"फार सोडलं तर गाढवासारखी लाथ घालते.
फार आवळलं तर एका खड्ड्यातून वर यायच्या आत
दुसरा. मग तिसरा.
मग खालीच राहते बिचारी."

हे बोलताना त्यानं रिकाम्या शेडकडं बघितलं,
असं मला लिहायचं होतं.
नाही बघितलं. तो दहाचा पाना शोधत होता.

शेवटी फोर्कच्या चकचकीत नळीला
चादरीचं लाल सूत बांधलं, एक फेरा, एक गाठ.
"जा. हे कुठं थांबतंय ते मला दाखव."

रविवारी खाणीमागच्या मुरमातून उतरलो.
कोरडा ओढा, कलिंगडाएवढे गोटे,
पलीकडं काळ्या रानातल्या भेगा, चाक गिळतील अशा.
जानेवारीत इथंच मनगट मोडलं होतं.
पायखुंट्यांवर उभा राहिलो,
गुडघे सैल, दात मात्र घट्ट.
गोटे खाली होते. मला कळत होते
एकेक करून, भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखे.
हँडल माझ्याशी भांडलं नाही.

मेंढ्यांमागचा पोरगा काठावर उकिडवा बसलेला.
"आज पडला न्हाईस व्हय?"
त्याचा हिरमोड मला दिसला.
त्याच्यासाठी परत एकदा उतरलो, जरा जोरात.
तरी नाही पडलो.

संध्याकाळी नरसय्या फोर्कपुढं गुडघ्यावर बसला.
सूत खाली सरकून थांबलेलं,
तळापासून बोटभर वर.
वाया गेलं का एवढं, मी विचारलं.
अजून खाली जायला हवं होतं?

"ऱ्हाऊ दे बे तेवढं.
न दिसलेल्या खड्ड्याला लागतंय."

मग त्यानं नखानं सूत परत वर सरकवलं,
गाठ ओढून बघितली
आणि श्रीनिवासला चहा सांगितला,
मला बिनसाखरेचा.