फाटकात उभी

आमोदा रोडवर रुबाब तडवीच्या शेडात
मे महिन्यातली दुपार, दीड वाजलेला,
माझी फियाट जबडा उघडून उभी
आणि फरशीवर तीन पंखे.

एक तिचा स्वतःचा. लोखंडी, चार पात्यांचा,
त्यातलं एक कधीतरी वाकून परत ठोकलेलं.
दुसरा सहा पात्यांचा, कुठल्याशा जीपचा,
धुळ्याच्या भंगारातून किलोवर आणलेला.
तिसरा मारुतीचा, प्लास्टिकचा, विजेचा,
मूठभर मोटर, दोन तारा लोंबत्या.
मला तोच हवा होता.

मी पॉलिटेक्निकात मोजमाप शिकवते.
वही काढली: जाळीपासून पात्यापर्यंत किती मिलिमीटर,
पात्याचा कोन, मिनिटाचे फेरे.
रुबाबनं मध्ये बोट घातलं.
"बोटभर. सहावाला जाळी खाईन."
माझी पट्टी म्हणाली, एकोणीस.
त्याच्या बोटाची जाडी मी नंतर
चहाचा ग्लास घेताना नजरेनं मोजली.

सहावाला भिंतीला टेकवला.

मी म्हटलं, रुबाबभाई, ही पळताना तापत नाही.
पालच्या घाटातही नाही.
ही तापते निंभोऱ्याच्या फाटकात, उभी राहून.
मालगाडी येते, मी डबे मोजत बसते,
बावीस, तेवीस, आणि काटा लाल रेघेला.
मागचा ट्रॅक्टरवाला उतरून येतो,
"बाई, धूर निघू ऱ्हायला."
धूर नाही, वाफ. पण हे समजवायला
वेळ कुणाला असतो.
इंजिन मंद की पट्टा मंद, पट्टा मंद की पंखा मंद.
विजेच्याला कुणाचं देणं लागत नाही.

तो बोलला नाही. पंखा जाळीमागे बसवला,
तारा बॅटरीला लावल्या.
पंखा भणाणला. समोर उभ्या माझ्या तोंडावर
असा वारा, की मी डोळेच मिटले.
रुबाबनं खिशातून केळीच्या वजनकाट्याची पावती काढली,
जाळीवर समोरून धरली, सोडली.
पावती उडून माझ्या पायाशी.
"तुमाले गार, गाडीले गरम," तो म्हणाला.
"उलटा फिरते हा."
तारा बदलल्या.
आता पावती जाळीला चिकटली
कोणी मागून ओढून धरल्यासारखी,
आणि माझ्याकडे वारा आलाच नाही.

"आता इंजिन चालू करा. आता दिवे लावा."
लावले.
समोरच्या भिंतीवर दोन कंदील,
तेल संपत आलेले.
"डायनॅमो म्हातारा हाये ताई.
रातच्याले वारा घ्या, नाहीतर उजेड घ्या."
मी वहीत अँपिअरची वजाबाकी केली.
उत्तर आलं ते त्याचंच वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी गोडेतेलाचा डबा कापून
त्यानं जुन्या पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं,
कुंपणासारखं, सगळ्या बाजूंनी बोटभर सोडून.
"पंखा चांगलाच व्हता.
वारा बाजूनं चोरी व्हत होता."
कड्याच्या आत अजून सूर्यफुलाचं चित्र आहे,
ते आता पातीच पाहतील.

निंभोरा. फाटक पडलेलं.
मी खिडकीची काच खाली घेतली,
लोखंडी पात्यांची खरखर ऐकत बसले.
एकोणचाळीस डबे गेले, मध्ये कुठेतरी चुकलेही असेन.
काटा पाऊणवर थरथरला,
तिथेच राहिला.
मागून ट्रॅक्टरवाला उतरून आलाच,
बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला, झटकला.
"विकता का?"
नाही म्हटलं तरी फाटक उघडेपर्यंत
तिथेच उभा.

विजेचा पंखा मी रुबाबलाच दिला.
आता तो शेडात, जुन्या बॅटरीवर,
त्याचा नातू खाटेवर पाढे म्हणतो त्याच्यासमोर फिरतो.
मी विचारलं, तारा कशा लावल्या, उलट्या की सुलट्या?
म्हणे, "माणसाले कसाबी चालते."