बसराले गया का?

चक्कीवर दळण घेऊन गेलेलं पोर
उन्हं कलली तरी परतलं नाही,
की आई दारातूनच ओरडायची :
“काय रे, बसराले गया व्हता का?”
आमच्याच घरात बोलत हे. शेजारी कोणी नाही.
मला वाटायचं, बसरा म्हणजे
पारोळ्याच्या पुढचं एखादं गाव,
जिथली एसटी नेहमी चुकते.

एकतीस वर्षं तलाठी होते मी.
दुसऱ्यांचे वारस लावले.
कोणाची बहीण वगळलेली,
कोणाचा भाऊ जिवंत असून मयत,
हरकत आली तर फेरफार, नाही आली तर
गोल शिक्का.
निवृत्त झाले, तेव्हा आठवलं
की आपली नोंद कोणी घातलेली नाही.

आईच्या आजोळी, अंजनीच्या काठी,
चावडीच्या भिंतीत एक दगड आहे.
चुन्याचे सात-आठ हात बसलेत त्यावर.
आधी नखानं, मग कपाटाच्या किल्लीनं खरवडला :
या गावातून अकरा असामी
थोरल्या लढाईत गेले.
पैकी तिघे कामास आले.
नावं नाहीत.
दगडाला आकडे पुरतात.

दहा जण सापडले, फार त्रास न देता.
कोणाचं पदक सुनेच्या डब्यात, हळकुंडांखाली,
कोणाचा पट्टा बैलाच्या घुंगरांना.
अकरावा सापडेना.

भाटानं वही सोडली, आईच्या आजोळच्या कुळाची,
बोट फिरवत वाचलं :
धनाचा उखर्डू. पुढे निर्वंश.
म्हटलं, त्याला मुलगी होती.
भाट म्हणाला, तेच सांगतोय, निर्वंश.
त्या कोऱ्या जागेतून मी आले आहे, बाबा.
पण हे मनातच.

आधीची चार लेकरं गेली,
म्हणून पाचवं उकिरड्यावर ठेवून उचललं, उखर्डू.
असल्या नावाच्या वाटेला मरण जात नाही म्हणतात.
भरतीच्या कारकुनानं लिहिलं, ओकर डू.
बोटीवर चढताना तो झाला उक्कर धूना.
बसऱ्याच्या दवाखान्यात तर नुसताच
खेचरवाला, हिंदू, ताप, सहावा दिवस.
शिपाईसुद्धा नव्हता तो.
बंदुकीला हात लावला नसेल कधी,
दुसऱ्यांचं पाणी आणि दारूगोळा
खेचरांच्या पाठीवरून वाहिला,
आपल्याकडच्या वैशाखासारख्या उन्हात.
मरणाला तो सापडला.
मला मात्र तीन वर्षं सापडला नाही.

शेवटी जळगावला, रेकॉर्डच्या खोलीत,
वाळवीनं कडा खाल्लेलं पेन्शनीचं बुक.
गोजर भ्र. उखर्डू धना.
साडेतीन रुपये.
सगळ्या कागदांत इथेच तेवढं नाव
अक्षराला अक्षर बरोबर.

मी खुर्चीवर बसून राहिले.
तिच्या काळात नवऱ्याचं नाव
बायको घेत नसे.
लग्नात एकदा, उखाण्यात,
तेही पदराआडून.
आणि ही दर महिन्याला
एरंडोलच्या कचेरीत, चार परक्या पुरुषांसमोर,
कारकून विचारणार, कोणाची?
ही सांगणार.
त्यानं चुकीचं लिहिलं, तर पुन्हा सांगणार.
तीनशेच्या वर अंगठे मोजले मी.
शेवटचे शेवटचे फिके,
रेषा झिजून गेलेल्या.

घरी येऊन तिनं सांगितलं असेल का काही?
मुलगी विचारत असेल, बा कठे शे?
ती म्हणत असेल, बसराले गया.
वना नही आजून.
तेच हसण्यावारी उतरलं असेल
मुलीकडून मुलीकडे,
चक्कीवरच्या पोरापर्यंत.

मार्गशीर्षात भाट पुन्हा आला.
पुस्तकाची नक्कल पुढे ठेवली, शिक्क्यासकट.
तो म्हणाला, पण ताई, बाईची रेघ
मी कुठून ओढू?
म्हटलं, या अंगठ्यापासून ओढ.
बराच वेळ पेन्सिलीनं कान खाजवला त्यानं.
मग ओढली. पुसट, थोडी वाकडी.
शाईनं हवी असेल तर, म्हणाला,
पुढच्या खेपेला.
धोतरजोडी तयार ठेवा.